आधी वाडीवरचं नेट मोजा: कोल्हापूर जिल्हा नियोजन समितीला खुले पत्र

प्रति,
मा. पालकमंत्री तथा अध्यक्ष,
मा. जिल्हाधिकारी तथा सदस्य सचिव,
आणि सर्व सन्माननीय सदस्य,
जिल्हा नियोजन समिती, कोल्हापूर

विषय: जिल्ह्याच्या इंटरनेट-सज्जतेची गाव आणि वाडीनिहाय मोजणी करून ती जाहीर करण्याबाबत

सन्माननीय महोदय आणि महोदया,

पावसाळ्यात आपल्या जिल्ह्यातल्या शाळकरी पोरालाही दोन आकडे तोंडपाठ असतात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ वर गेली की धोका. किती बंधारे पाण्याखाली गेले, गगनबावड्यात किती मिलिमीटर पडला, राधानगरीचे किती स्वयंचलित दरवाजे उघडले, हे सगळं रोजच्या रोज जाहीर होतं. त्याच आकड्यांवर चिखली-आंबेवाडीची माणसं जनावरं बाहेर काढतात, एस.टी. मार्ग बदलते, प्रशासन बोटी हलवतं. आकडा सगळ्यांसमोर असतो म्हणून निर्णय वेळेत होतो. इंटरनेटचा असा गावनिहाय आकडा मात्र रोज सोडाच, वर्षातून एकदाही लोकांसमोर वाचला जात नाही. दाखला, रेशन, पीक विमा, शिष्यवृत्ती, हजेरी, सगळं आता त्याच वाटेनं येतं.

मी राधानगरी तालुक्यात आपले सरकार सेवा केंद्र चालवते. उत्पन्नाचा दाखला, सातबारा, शेतकरी ओळख क्रमांक, पीक विमा, पोरांचे शिष्यवृत्तीचे अर्ज, ही रोजची कामं. काम अडलं की बाकावरचा माणूस ‘नेट नव्हतं’ एवढंच घरी जाऊन सांगतो. मी मात्र एक वही ठेवली आहे आणि काम नेमकं का अडलं ते त्यात लिहिते. कधी फायबर तुटलेली असते. कधी लाइट गेलेली आणि इन्व्हर्टर संपलेला. कधी आमच्याकडचं नेट झकास चालू असतं, पण वरचं पोर्टलच उघडत नाही. कधी उसाच्या मोळ्या बांधून बोटांच्या रेषा इतक्या झिजलेल्या असतात की ठसा लागत नाही, त्यात नेटचा काही दोष नसतो. आणि पुष्कळदा मोबाईलच घरात नसतो.

यातली एक नोंद इथे सविस्तर सांगते. लाडक्या बहिणीच्या ई-केवायसीसाठी वरच्या वाडीवरून एक मावशी आल्या होत्या. त्यांच्या आधारला जोडलेला नंबर पुण्यात कंपनीत कामाला असलेल्या मुलाच्या खिशात. केंद्रात नेट उत्तम चालू, पण मावशींच्या सिमला इथे रेंज नाही, म्हणून मुलाला माझ्या फोनवरून फोन लावला. मुलगा शिफ्टमध्ये, फोन लॉकरमध्ये. जेवणाच्या सुट्टीत त्यानं आकडे सांगितले तोवर ओटीपीची मुदत संपलेली. पुन्हा मागवला, तर त्याला सुट्टी संपल्याची घंटा ऐकू आली. “पोरी, आलं काय गं ते?” असं मावशी दर पाच मिनिटांनी विचारत होत्या. वरची एस.टी. गेली असती तर रात्र गावातच काढावी लागली असती, म्हणून त्या उठून गेल्या. त्या दिवशी आमच्या गावच्या इंटरनेटचा वेग कुणी मोजला असता, तर पैकीच्या पैकी गुण मिळाले असते.

मोजणीबद्दल मला जे म्हणायचं आहे ते यातच आलं. वेग मोजून थांबलो, तर मावशींचं काम का झालं नाही हे कुठल्याच तक्त्यात दिसणार नाही.

देशात हा विचार झालेलाच नाही असं नाही. २०१८ च्या राष्ट्रीय डिजिटल संचार धोरणानं राज्यांसाठी ‘ब्रॉडबँड सज्जता निर्देशांक’ तयार करण्याची गरज मांडली. १७ डिसेंबर २०१९ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय ब्रॉडबँड मिशनमध्येही तो आला. २०२० मध्ये दूरसंचार विभागानं त्यासाठी इक्रिअर या संशोधन संस्थेशी करार केला. त्याची मांडणी मला पटते. पहिल्या भागात पायाभूत सोयी: केबल टाकण्याच्या परवानग्या किती सुरळीत मिळतात, किती टॉवर फायबरनं जोडलेले आहेत, टॉवरला दिवसात किती तास वीज मिळते. दुसऱ्या भागात माणसं: किती घरांत जोडणी आहे, किती घरांत संगणक किंवा स्मार्टफोन आहे, वापरता येणारं निदान एक तरी माणूस घरात आहे का. हा दुसरा भाग घरोघरी विचारूनच भरता येतो.

अडचण आहे ती मोजण्याच्या एककाची. निर्देशांक राज्याचा. पुण्याजवळचं आयटीचं हिंजवडी आणि आमचं जंगलातलं दाजीपूर एकाच बेरजेत. दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्राय, दर महिन्याला ग्राहकसंख्या जाहीर करतं ती ‘परवाना क्षेत्रा’नुसार, आणि आपल्या महाराष्ट्र क्षेत्रात गोवा आहे पण मुंबई नाही. त्या आकड्यात कोल्हापूर शोधून सापडत नाही, मग भुदरगडातला धनगरवाडा कुठून सापडणार? शिवाय तिथे मोजल्या जातात त्या जोडण्या. दोन सिम बाळगणारा माणूस दोनदा मोजला जातो आणि ज्या बाईकडे फोन नाही ती एकदाही नाही. घरोघर जाऊन झालेली शेवटची जनगणना २०११ ची. तेव्हा जिल्ह्याची लोकसंख्या ३८,७६,००१ होती आणि स्वस्त फोर-जी यायला अजून पाच वर्षं होती. त्या आकड्यांवर आजचं नियोजन होऊ शकत नाही.

‘जोडलेली ग्रामपंचायत’ हा शब्दप्रयोग आपल्या बैठकांच्या अहवालांत वारंवार येत असेल. ती जोडणी जवळून कशी दिसते ते सांगते. ग्रामपंचायतीच्या खोलीत भिंतीवर एक पांढरा डबा असतो. त्यावर ‘पॉवर’चा दिवा हिरवा असतो आणि त्याच्याजवळ ‘एलओएस’चा लाल दिवा लुकलुकत असतो. लाल लुकलुकला म्हणजे डब्याला वीज मिळते आहे, पण फायबरमधून प्रकाशच येत नाही. वाटेत कुठेतरी केबल तुटली आहे. डबा बसवला, वीज दिली, फोटो काढला, गाव यादीत जोडलेलं दाखवलं गेलं. लाल दिव्याचा रकाना त्या यादीत नसतो. मी असा दिवा आठवडेच्या आठवडे लुकलुकताना पाहिला आहे. खाली टेबलावर संगणक परिचालक स्वतःच्या मोबाईलचा हॉटस्पॉट लावून जन्म-मृत्यूच्या नोंदी करत होता, त्याचा रिचार्ज त्यानं स्वतःच्या खिशातून भरलेला.

केबल तुटते ती बहुतेक रस्त्याच्या कामात, नळपाणी योजनेच्या चरीत किंवा दरड उतरते तेव्हा. २०११ मध्ये मंजूर झालेलं आणि २०१५ पासून भारतनेट म्हणून ओळखलं जाणारं जाळं सुरुवातीला तालुक्यापासून गावाकडे एका सरळ रेघेत गेलं. रेघ मध्ये तुटली की पुढची सगळी गावं अंधारात. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या १ लाख ३९ हजार ५७९ कोटींच्या सुधारित कार्यक्रमात म्हणूनच कड्यासारखी रचना आणली, एका बाजूनं तुटली तर दुसऱ्या बाजूनं चालू राहावी अशी. खोदणाऱ्यानं आधी कळवावं म्हणून मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲपही आलं. आपल्या जिल्ह्यात रस्त्याचं किंवा पाइपलाइनचं काम घेणाऱ्या किती ठेकेदारांनी त्यावर नोंद करून मगच जेसीबी लावला, हा आकडा समितीनं मागवावा. तो मागवायला पैसे लागत नाहीत, आणि यातल्या काही कामांना निधी याच समितीतून जात असल्यानं मागण्याचा अधिकारही आपलाच आहे.

पावसाळ्याचं मोजमाप मात्र वेगळंच हवं. जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झालेल्या ब्रॉडबँड मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात २०३० पर्यंत २ लाख ७० हजार गावांना फायबर आणि ९५ टक्के वेळ ती चालू, असं उद्दिष्ट आहे. ऐकायला ९५ टक्के छान वाटतं. पण उरलेले ५ टक्के म्हणजे वर्षाचे १८ दिवस. ते १८ दिवस वर्षभरात विखुरले तर चालून जाईल. आमच्याकडे ते जुलै-ऑगस्टमध्ये सलग येतात. पीक विम्याच्या मुदती, कॉलेज प्रवेशाच्या फेऱ्या, शिष्यवृत्तीचे अर्ज आणि पूर, सगळं त्याच दिवसांत. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात उपकेंद्रं पाण्यात गेली, वीज बंद झाली, टॉवरच्या बॅटऱ्या उतरल्या. शिरोळ तालुक्यातल्या माणसांना बाहेरचा निरोप आणि बाहेरच्यांना त्यांचा ठावठिकाणा, दोन्ही कठीण झालं. वार्षिक सरासरीत ते दिवस विरघळून जातात. म्हणून माझी विनंती आहे की मोजणी मे महिन्यात एकदा आणि ऑगस्टमध्ये एकदा व्हावी, आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापावेत. प्रत्येक टॉवरबाबत, वीज गेल्यावर तो किती तास तग धरतो, ही नोंद पूररेषेतल्या गावांसाठी सक्तीची करावी.

मोजायचं कुठे, तर जिथे काम होतं तिथे. ग्रामपंचायतीची खोली हे गावातलं सगळ्यात सोयीचं ठिकाण, तेवढं मोजून गाव कळत नाही. शाळा, अंगणवाडी, आरोग्य उपकेंद्र, रेशनचं दुकान, दूध संस्था आणि प्रत्येक वाडीवरचं शेवटचं घर इथे मोजा. दूध संस्थेत सकाळी साडेसहाला मोजा, कारण संकलन तेव्हा असतं. रेशन दुकानात महिन्याच्या ज्या दिवशी धान्य येतं त्या दिवशी मोजा. मोबाईलचा वेग रात्री आठ-नऊला मोजा. डोंगरातला टॉवर फायबरऐवजी सूक्ष्मलहरींनी दुसऱ्या टॉवरशी जोडलेला असला, की त्याची मर्यादित क्षमता सगळ्या फोनमध्ये वाटली जाते. दुपारी बाराला एकटा अधिकारी येऊन मोजेल तेव्हा ती भरभरून दिसणारच. आणि खाली उतरणाऱ्या वेगाबरोबर वर चढणारा वेगही लिहा. अंगणवाडी सेविकेला पोषण ट्रॅकरमध्ये माहिती भरायची असते, रोजगार हमीच्या कामावर दिवसातून दोनदा फोटो चढवायचे असतात, शेतकऱ्याला ई-पीक पाहणीचा फोटो पाठवायचा असतो. आमच्याकडून सरकारकडे जाणारीच माहिती जास्त आहे. जानेवारी २०२३ पासून ब्रॉडबँड म्हणवून घ्यायला किमान २ एमबीपीएस वेग लागतो, पण तो खाली उतरणारा. घरात दोन मुलं व्हिडिओवर तास ऐकायला बसली की तेवढ्यावर तिसऱ्याचं पान उघडत नाही.

ट्रायच्या २०२४ च्या नियमांमुळे कंपन्यांना आपापल्या नेटवर्कचे नकाशे संकेतस्थळावर ठेवावे लागतात. ही चांगली सोय झाली आहे, तिचा उपयोग करून घ्या. नकाशात रंगवलेलं गाव आणि कौलारू घराच्या माजघरात बसून घेतलेली नोंद ताडून पाहा. चंदगडात तर आणखी एक गोष्ट आहे, सीमेवरच्या गावांत फोन पलीकडच्या राज्याचा टॉवर पकडतो. रेंज आहे, पण टॉवर बिघडला तर दाद मागायची कुणाकडे, हे इथल्या ग्रामपंचायतीला कळत नाही.

हे काम आशा ताई आणि अंगणवाडी ताईंच्या डोक्यावर टाकू नका, एवढं हात जोडून सांगते. त्यांच्या फोनमध्ये आधीच पुष्कळ ॲपं आहेत. शिवाजी विद्यापीठ आहे, जिल्ह्यात अभियांत्रिकी महाविद्यालयं, तंत्रनिकेतनं, आयटीआय आहेत, राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरं दरवर्षी गावागावांत होतात. पोरांना साध्या मोबाईलवर वेग मोजता येतो, लाल दिव्याचा फोटो काढता येतो, घरात बसून चार प्रश्न विचारता येतात: फोन कुणाचा, रिचार्ज कोण भरतं, महिन्यात किती दिवस तो संपलेला असतो, ओटीपी कुणाकडे जातो. शेवटचे दोन प्रश्न घरातल्या बाईला वेगळे विचारा. पुरुषमंडळींसमोर ती “आहे की फोन” एवढंच म्हणेल.

जिल्हा वार्षिक योजनेत नावीन्यपूर्ण योजनांसाठी आणि मूल्यमापनासाठी तरतूद ठेवता येते. मोजणीला त्यातला थोडाच पैसा लागेल.

एक भीती मात्र मनात आहे, ती आधीच बोलून टाकते. बारा तालुक्यांना एकेक गुण देऊन क्रमवारी लावली, तर पहिला नंबर काढण्याची चढाओढ लागेल आणि आकडे घासूनपुसून येतील. दुसरं म्हणजे एकाच गुणात सगळं कोंबलं की रोग झाकला जातो. समजा शाहूवाडीत फायबर पोचली आहे पण वीज टिकत नाही, आणि हातकणंगल्यात वीज आहे, फायबर आहे, पण यंत्रमागावरच्या कामगाराला घरचं महिन्याचं बिल परवडत नाही. दोघांना सारखेच गुण पडले, तर दोघांना सारखीच योजना मिळेल. पहिल्याला खरं तर बॅटरी आणि सोलर हवं, दुसऱ्याला स्वस्त जोडणी किंवा सार्वजनिक वायफाय. आमच्या मावशींना यातलं काहीच नको, त्यांना आधारचा नंबर बदलून मिळणारं केंद्र एस.टी.च्या टप्प्यात हवं. म्हणून बेरीज करू नका. प्रत्येक रकाना वेगळा ठेवा आणि निधी रकाना पाहून द्या. जिथे गावापर्यंत फायबर येऊन पडली आहे आणि फक्त घरापर्यंत न्यायची आहे, तिथे गावातल्या केबलवाल्याला हाताशी धरा. त्याला प्रत्येक खांब आणि प्रत्येक घर ठाऊक असतं, तुटली तर रात्री शिडी घेऊन तोच येतो.

या जिल्ह्यानं एकदा देशाला वाट दाखवली होती, त्याचीही आठवण करून देते. १९९८ मध्ये वारणानगर परिसरातल्या कोल्हापूर आणि सांगलीच्या ७० गावांत संगणक जोडण्याचा प्रकल्प सुरू झाला. केंद्रानं निम्मा, राज्यानं ४० टक्के आणि वारणेच्या सहकारी संस्थांनी १० टक्के वाटा उचलला. शेतीसल्ला, बाजारभाव, आरोग्य, शिक्षण, सगळं गावात मिळेल असा मोठा विचार होता. पुढे काही वर्षांनी प्रत्यक्ष वापर पाहिला गेला, तेव्हा लोक ते संगणक मुख्यतः ऊस आणि कारखान्याच्या हिशोबासाठीच वापरत होते असं दिसलं. मग २००६-०७ च्या सुमारास काही गावांत तीच माहिती साध्या मोबाईलवरून एसएमएसनं देऊन पाहिली आणि शेतकऱ्यांना ती सोपी पडली. या प्रकल्पाला नावं ठेवण्याचं मला काही कारण दिसत नाही. वापर कुणीतरी नेमका पाहिला, म्हणून स्वस्त आणि सोपा उपाय सापडला. ती मोजणी आठ वर्षं आधी, दोन-चार गावांत झाली असती तर?

बाहेरून येणारी गुंतवणूकही याच आकड्यांवर ठरणार आहे. कोल्हापुरात आयटी पार्क व्हावा म्हणून आपण सगळे बोलतो. येणारी कंपनी पहिला प्रश्न विचारते तो शहरात येणाऱ्या फायबरच्या मार्गांचा: मार्ग किती, आणि २०१९ सारखा महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला तर त्यातला कुठला चालू राहील? ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथे आलं आहे. सहा जिल्ह्यांचे वकील आणि पक्षकार त्यावर अवलंबून आहेत, ई-फायलिंग आहे, दृक्‌श्राव्य सुनावण्या आहेत. गोकुळ शिरगाव आणि कागलच्या कारखान्यांपासून हुपरीच्या चांदी कारागिरापर्यंत प्रत्येकाचं गिऱ्हाईक आता पडद्यावरून येतं. यांना भाषणापेक्षा तक्ता उपयोगी पडेल.

आणि तो तक्ता फायलीत ठेवू नका. १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीच्या ग्रामसभेत सातबाऱ्याच्या चावडी वाचनासारखा तो मोठ्यानं वाचा. “आमच्या वाडीवर रेंज आहे असं लिहिलंय, ते खोटं आहे,” असं कुणी उठून म्हणालं, तर तिथल्या तिथे फोन काढून पाहता येईल आणि दुरुस्ती ग्रामसभेच्या ठरावात नोंदवता येईल.

समितीच्या येत्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा. सुरुवातीला राधानगरी, शिरोळ आणि चंदगड हे तीन तालुके घ्यावेत. डोंगर, पूर आणि सीमा, तिन्ही अडचणी त्यात येतात. यंदाच्या पावसाळ्याआधीची एक नोंद आणि पावसाळ्यातली एक नोंद झाली, तर पुढच्या आराखड्याच्या चर्चेला ती टेबलावर असेल. माझी वही, त्यातली माणसांची नावं वगळून, मी जिल्हा नियोजन कार्यालयात आणून द्यायला तयार आहे. तालुक्यातले आणखी केंद्रचालकही अशा नोंदी ठेवायला तयार आहेत, त्यांना फक्त एक छापील नमुना द्या. त्यात ‘काम का अडलं’ हा रकाना रुंद ठेवा.

आपली,
एक सेवा केंद्रचालक
ता. राधानगरी, जि. कोल्हापूर